मुलाच्या मनाचा उपचार : गोळी, बोलणं आणि घरची वही

आम्ही बचत गटांच्या बैठका घेत गावोगाव फिरतो. हप्त्यांचा हिशोब झाला की एखादी बाई मागे थांबते आणि हळूच विचारते, "ताई, मुलाला मनाच्या डॉक्टरकडे दाखवलं. गोळ्या दिल्यात. देऊ की नको?" गावात याला दहा जण दहा उत्तरं देतात. म्हणून आज त्यावरच बोलूया.

आधी आजार समजून घेऊ. मूल रुसतं, गुण कमी पडले की चार दिवस गप्प बसतं, हा आजार नव्हे. पण दोन आठवडे किंवा जास्त, जवळजवळ रोज मूल उदास राहिलं, खेळणं-जेवण सुटलं, झोप बिघडली, पोट दुखतं म्हणून शाळा टाळू लागलं, तर ते नैराश्य असू शकतं. मुलांमध्ये बरेचदा रडण्यापेक्षा चिडचिडच जास्त दिसते आणि आपण "उद्धट झालाय" म्हणून मोकळ्या होतो. काही मुलांना उलटेही दिवस येतात. दोन-तीन तास झोपूनही थकवा नाही, बोलणं थांबत नाही, नसत्या मोठ्या गोष्टी. असे दोन्ही झोके येतात त्या आजाराला डॉक्टर बायपोलर म्हणतात. घराण्यात कुणाला असा त्रास होता का, हे डॉक्टरांना जरूर सांगा. लपवलं तर औषध चुकीचं ठरू शकतं, कारण बायपोलर असलेल्या मुलाला नुसती नैराश्याची गोळी दिली तर कधीकधी झोका दुसऱ्या टोकाला जातो.

सौम्य नैराश्यात डॉक्टर बहुधा आधी समुपदेशन, म्हणजे बोलण्याचा उपचार सुचवतात. आजार जास्त असेल तर त्याच्या जोडीला गोळी येते. नैराश्याची गोळी डोकेदुखीच्या गोळीसारखी तासाभरात लागू पडत नाही. नीट फरक दिसायला चार ते सहा आठवडे जाऊ शकतात. मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थपणा मात्र पहिल्याच आठवड्यात होऊ शकतो. म्हणजे त्रास आधी, गुण नंतर. इथेच बऱ्याच घरांत गोळी बंद होते. त्रास झाला तर डॉक्टरांना कळवा, ते मात्रा बदलतील.

दुसऱ्यांदा गोळी बंद होते ती मूल हसू-खेळू लागलं की. "आता बरा झाला, कशाला हव्यात?" पण बरं वाटल्यावरही नैराश्याचं औषध साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात. बायपोलरमध्ये त्याहून जास्त काळ. एकदम बंद केलं तर चक्कर, बेचैनी होते आणि आजार उलटू शकतो. म्हणून कमी करायचं ते डॉक्टरांच्या सांगण्याने, हळूहळू. नैराश्याच्या गोळ्यांचं दारूसारखं व्यसन लागत नाही.

लिथियम नावाचं औषध बायपोलरसाठी 1949 सालापासून माहीत आहे. गुणकारी आहे, पण त्यासाठी वेळोवेळी रक्त तपासावं लागतं. घाम, जुलाब, उलट्या यांनी अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. आपल्याकडचा एप्रिल-मेचा उकाडा तर ठाऊकच आहे. अशा मुलाला पाणी भरपूर द्या, मीठ एकदम तोडू नका, कडक उपास करू देऊ नका आणि दुकानातली अंगदुखीची गोळी विचारल्याशिवाय देऊ नका. हातपाय थरथरले, जुलाब लागले, तोल गेला तर लगेच दवाखाना गाठा.

"शॉक देतील का?" ही भीतीही असते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलाला पालकांची संमती आणि मंडळाची आधी परवानगी असल्याशिवाय शॉक देता येत नाही. कुणालाही साखळीने बांधून ठेवायलाही कायद्याने मनाई आहे.

देवाक गाऱ्हाणं घाला, कौल लावा, आमची ना नाही. पण त्यासाठी गोळी चुकवू नका.

आता आपल्या हातातली गोष्ट. गटाची वही आपण पैशापैशाने लिहितो, तशीच मुलाची वही ठेवा. झोप किती, जेवण किती, गोळी घेतली का, मन कसं होतं, शाळेत गेला का. रोज एक ओळ. डॉक्टरांना पाच-दहा मिनिटांत महिनाभराचं सांगताना आपली तारांबळ उडते, ती या वहीने वाचते.

औषध सुरू झाल्यावर आणि मात्रा बदलल्यावर पहिले काही आठवडे विशेष लक्ष द्या. मूल मरणाचं बोललं तर ते नाटक समजू नका. सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात तसलं काही भरत नाही, उलट ओझं हलकं होतं. त्याला एकटं सोडू नका. आंबा-काजूच्या फवारणीची औषधं, उंदराचं औषध, घरातल्या गोळ्या कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेलिमानसचा 14416 हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. जिवाला धोका असेल तर 108 लावा.

ओरोसला सरकारी रुग्णालयात मनाचे डॉक्टर भेटतात. पुढे गरज लागली तर रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय आणि गोव्यात बांबोळीची मनोविकार संस्था आहे. ओपीडीचा वार आशाताईंकडून आधी विचारून घ्या.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, घरात पैसा थांबतो, आणि गोळ्याही थांबतात. हे दोन महिने गटांनी लक्षात ठेवावेत. औषधासाठी आणि ओरोसच्या भाड्यासाठी छोटं अंतर्गत कर्ज मे महिन्यातच मंजूर करून ठेवता येतं. कारण विचारायचं, पण ते बैठकीबाहेर न्यायचं नाही. जिच्या घरी असं मूल आहे, तिला "कुणाचं काय लागलं?" असं विचारण्यापेक्षा "पुढची तारीख कधी? सोबत येऊ का?" असं विचारा.