सरपंचावरील अविश्वास व ग्रामसभेचें मत

आणे पठारासारख्या अवर्षणग्रस्त भागांत सरपंचाची परीक्षा पाण्यावरच होते. तथापि थेट मतदारांनीं निवडलेल्या सरपंचास (ही पद्धत २०१७ सालीं आली, २०२० सालीं गेली व २०२२ सालीं परत आली) केवळ सदस्यांनीं काढतां येत नाहीं. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या ३५ व्या कलमान्वयें तीनचतुर्थांश सदस्यांनीं अविश्वासाचा ठराव संमत केला, तरी ग्रामसभेनें गुप्त मतदानानें त्यास मान्यता द्यावी लागते. सदस्यांच्या सभेंत आपली बाजू मांडण्याचा हक्क सरपंचास आहे.

तो बहुधा म्हणेल, कालव्याचें पाणी पठारावर चढविणें माझ्या हातीं नव्हतें. हें खरेंच, तें काम सरकारचें. पण टँकरची मागणी वेळेवर गेली काय, पाझर तलावांतील गाळ निघाला काय, रोजगार हमीचीं कामें मागितलीं काय, याचीं उत्तरें पंचायतीच्या दप्तरांत असलींच पाहिजेत. तीं तारीखवार मागावीं, असें आम्हांस वाटतें. भावकीचें वैर काढण्याची ती जागा नव्हे. पुष्कळदां मात्र तेंच निघतें!

मतदानाच्या दिवशीं शेतकऱ्यांनीं हातचें काम टाकूनही जावें. ठराव फेटाळला गेल्यास पुढील दोन वर्षें तो पुन्हां आणतां येत नाहीं.