डिस्पोजलची मिलिटरी गाडी : घेण्याआधी आणि घेतल्यावर



परतीचा पाऊस लांबला की शिरपूर जैनच्या शिवारातली काळी माती काय करते, हे तुम्हाला सांगायला नको. सोयाबीनचे कट्टे वावरात भरून पडलेले असतात आणि ट्रॅक्टरची ट्रॉली धुऱ्यापाशीच रुतून बसते. अशा वेळी कोणीतरी सांगतो, "अमक्या गावी मिलिटरीची जुनी गाडी निघाली आहे. चारही चाकं ओढते. भंगाराच्या भावात मिळते." ऐकणाऱ्याचं मन तेव्हाच त्या गाडीत जाऊन बसतं.

गाडी वाईट नसते. फौजेसाठी केलेली गाडी दणकटच असते. पण ती भंगाराच्या भावात का निघाली, हे आधी विचारावं. बहुतेकांना रानातून माल काढायला भाड्याचा ट्रॅक्टरच परवडतो, हे आमचं मत आम्ही सुरुवातीलाच सांगून टाकतो. तरीही ज्यांना घ्यायची आहे, किंवा ज्यांच्या शेडमध्ये अशी गाडी आधीच उभी आहे, त्यांच्यासाठी पुढची माहिती.

आपल्या देशात या गाड्या दोन लाटांत आल्या. पहिली १९४५ नंतर. दुसरं महायुद्ध संपलं आणि जीप, डॉज, शेवरोले, फोर्ड असे फौजी ट्रक लिलावात निघाले. बंद पडलेल्या गाड्या ओढणाऱ्या कितीतरी क्रेन पुढे अनेक वर्षं याच चेसिसवर चालल्या. दुसरी लाट आपल्याच फौजेची. जर्मनीच्या मान कंपनीच्या सहकार्याने जबलपूरला १९५९ पासून शक्तिमान ट्रक तयार होऊ लागला आणि १९९६ पर्यंत होत राहिला. निस्सानचा एक टनी ट्रक आणि जोंगा याही जबलपूरच्याच. ही सारी उत्पादनं आता बंद झाली आहेत. म्हणजे सुटा भाग मिळाला तर तो दुसऱ्या जुन्या गाडीतून काढलेला, नाहीतर लेथवर घडवलेला. सौदा करताना एवढं ध्यानात असू द्या.

आधी कागद

फौजेच्या गाडीला आपल्यासारखं आर.सी. बुक नसतं. तिच्या पाटीवर वर टोक केलेला बाण असतो आणि त्यापुढे सालाचे दोन आकडे. लिलावात गाडी घेणाऱ्याला फौजेच्या खात्याकडून विक्रीचा दाखला मिळतो, तो नमुना २१. तो मूळ दाखला अर्जासोबत दिल्याशिवाय आर.टी.ओ. नोंदणी करत नाही. तीन हात बदललेल्या गाडीचा मालक "दाखला घरी आहे, मागून देतो" म्हणाला, तर पैसेही मागूनच द्या. पुष्कळ गाड्या फक्त भंगार म्हणून विकल्या जातात. त्या तोडण्यासाठी असतात, सडकेवर आणण्यासाठी नाही. नोंदलेली गाडी असेल तर आर.सी.वरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतः कापडाने पुसून ताडून पाहा.

रंगाचंही एक आहे. तो फौजी हिरवा रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखलेला आहे. कितीही रुबाबदार दिसला तरी तो बदलावाच लागतो.

उभी राहिलेली गाडी

"फार कमी चालली आहे हो, नुसती उभीच होती," असं विकणारा कौतुकाने सांगतो. खरं तर हीच काळजीची गोष्ट. उभ्या गाडीत टाकीला आतून गंज चढतो, ऑइल सील वाळतात, ब्रेकची रबरं चिकटतात. टायरची नक्षी नव्यासारखी दिसते, पण बाजूला वाकून पाहा, बारीक भेगा दिसतील. रबर वयानेही मरतं.

अशी गाडी ढकलून लगेच चालू करू नका. टाकी रिकामी करून धुवा, फिल्टर आणि इंजिन ऑइल बदला. मग इंजिन हाताने दोन-चार फेरे फिरवून पाहा. ते मोकळं फिरलं तरच स्टार्टर लावा. शक्तिमानसारख्या गाडीत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. तिथे जीपचा बल्ब लावला की तो क्षणात जातो.

ब्रेकची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पॅडल जोराने दाबून धरा आणि साठपर्यंत मोजा. पाय हळूहळू खाली जात राहिला तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचं रबर गेलं आहे. ब्रेकच्या तेलात हवेतली ओल मुरते, म्हणून जुनं तेल सगळं काढून नवं भरावं. इथे आपल्याकडचे फिटर एक मोठी चूक करतात. ब्रेकची रबरं रॉकेलने किंवा डिझेलने धुतात. त्याने रबर फुगतं आणि ब्रेक चिकटतो, नाहीतर ऐन उतारावर दगा देतो. रबरं ब्रेकच्याच तेलाने धुवायची.

चाकाची रिम : इथे जीव जातो

हा भाग घरातल्या पोरांनाही वाचून दाखवा. कित्येक फौजी गाड्यांच्या चाकाची रिम दोन अर्ध्या थाळ्या बोल्टने जोडून केलेली असते. वाळवंटात, जंगलात शिपायाला हाताने टायर काढता यावा म्हणून ही सोय. अशा चाकावर नटांची दोन कडी असतात. आतलं कडं चाक हबला धरतं, बाहेरचं कडं दोन थाळ्यांना एकत्र धरतं. टायरमध्ये हवा असताना कोणी चुकून बाहेरचे नट सैल केले, तर आतला दाब त्या थाळ्या तोफेच्या गोळ्यासारख्या फेकतो. समोर वाकलेला माणूस वाचत नाही.

म्हणून पंक्चर काढण्याआधी व्हॉल्व्हची पिन पूर्ण काढा. हवा गेली असं वाटलं तरी व्हॉल्व्हमधून तार घालून पाहा, कारण कधी चिखलाने भोक बुजलेलं असतं. त्यानंतरच पान्हा लावायचा. इंग्रजांच्या फौजेत हे थाळ्यांचे नट लाल रंगवत असत. आपणही रंगाची छोटी डबी आणून तेच करावं. ट्रकच्या कडीवाल्या रिमचाही हाच धोका, पण तो हवा भरताना. कडी खाचेत नीट बसली नाही तर उडते. चाकाला साखळी गुंडाळा, लांब नळी लावा आणि बाजूला उभे राहून हवा भरा. गंजून खाल्लेली रिम वेल्डिंग करून वापरू नका, ती भंगारात घाला.

चारही चाकं कधी ओढायची

वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात. चिखलात चाकं थोडी घसरतात आणि तो फरक निघून जातो. डांबरावर घसरायला जागा नाही, मग तोच पीळ शाफ्टांत आणि दुसऱ्या गिअर पेटीत साठतो. लिव्हर अडकतो, स्टिअरिंग जड होतं आणि एक दिवस दाता तुटतो. तेव्हा वावरातून सडकेवर चाक आलं की पुढचा एक्सल सोडलाच पाहिजे. लिव्हर अडकला असेल तर हातोडी मारू नका, गाडी सरळ थोडी मागे घ्या, तो सुटतो.

पुढच्या एक्सलच्या दोन्ही टोकांना चेंडूसारखे गोळे असतात. त्यांवर आपली काळी माती बसली आणि वाळली की दगड होते. दुसऱ्या दिवशी स्टिअरिंग फिरवलं की ती सील कापते, आतलं तेल गळू लागतं. म्हणून संध्याकाळी घरी आल्यावर, माती ओली आहे तोवरच ते गोळे पाण्याने धुऊन पुसायचे. बैलाचे खूर धुता तसंच.

नाला ओलांडल्यावर थोडं अंतर ब्रेक हलका दाबत हळू चालवा, म्हणजे ड्रम वाळतील. तापलेला एक्सल थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते. वरचं हवेचं भोक मातीने बुजलेलं असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. एक्सलचं तेल ताकासारखं पांढरट दिसलं तर लगेच बदला.

बदल करताना

निस्सान आणि जोंगाचं जवळपास चार लिटरचं पेट्रोल इंजिन पेट्रोल पिऊन टाकतं. म्हणून लोक त्या जागी डिझेल इंजिन बसवतात. काम होण्यासारखं आहे, पण इंजिन आणि गिअरबॉक्सची रेघ केसभर चुकली तरी क्लच टिकत नाही, आणि जड इंजिनाने पुढचे पाटे बसतात. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असे बदल परवानगीशिवाय चालत नाहीत. इंजिन बदललं आणि आर.सी.वर नोंद नाही, तर अपघाताच्या वेळी विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते. आधी वाशीमच्या आर.टी.ओ. कार्यालयात विचारा, मग वस्तादाकडे जा.

फाळके उंच करून कापूस दुप्पट भरण्याचा मोह सगळ्यांना होतो. ही गाडी मुळातच उंच असते. वरचा भार वाढला की धुऱ्यावर एक चाक चढताच ती आडवी होते. आणि सोयाबीन कापणीचे मजूर मागच्या फाळक्यात उभे करून नेऊ नका. माल पडला तर पुन्हा भरता येतो.

उन्हाळ्यात गाडी लांब उभी ठेवायची असेल तर एक्सलखाली लाकडी ओंडके द्या, बॅटरीची तार सोडा, टाकी भरलेली ठेवा म्हणजे आत ओल धरत नाही. उंदरांसाठी सायलेन्सरच्या तोंडात गोणपाटाचा बोळा घाला आणि त्याच गोणपाटाची एक चिंधी स्टिअरिंगला बांधून ठेवा, म्हणजे मृगात गाडी काढताना बोळ्याची आठवण राहील.