हुकमत, नेतृत्व आणि दाण्यावैरणीचा बंदोबस्त

पराक्रम हे सेनानायकाचे कार्य आणि दाणागोटा, हजिरी, हिशेब ही कारकुनांची कटकट, असा जो समज आपल्याकडे रूढ आहे, तो शिवकालीन कागदपत्रांपुढे टिकत नाही. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळ हलवर्ण येथे छावणीस असलेल्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांना शिवाजी महाराजांनी धाडलेल्या पत्रात रणनीतीचे अक्षर नाही. पावसाळ्यासाठी साठविलेली वैरण आताच बेहिशेबी उधळाल तर ऐन पर्जन्यकाळी घोडी मरू लागतील व ते पाप तुमच्याच माथी येईल, मग तुम्ही कुणब्यांच्या घरचे धान्य, भाजीपाला ओढून आणाल आणि गांजलेल्या रयतेला मोगल बरे वाटू लागतील, ही परिणामपरंपरा मात्र त्यात आहे. एवढेच नव्हे, तर रात्री दिवा तसाच ठेवल्यास उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवत पेट घेईल, इथवर ताकीद आहे. हुकूम, व्यवस्थापन आणि रयतेची चाड शिपायाच्या मनात उतरविणारे नेतृत्व ही तिन्ही एकाच कागदात इतकी एकजीव झाली आहेत, की त्यांची वाटणी करू जाणाऱ्याची फजितीच व्हावी.

जो आघाडीवर प्राण वेचतो तोच उत्तम सेनापती, हा दुसरा समज अधिक लोभस, म्हणून अधिक हट्टी. १६७३ साली उमराणीस कोंडीत सापडलेल्या आदिलशाही सरदार बहलोलखानास सरनोबत, म्हणजे सेनापती, प्रतापराव गुजरांनी सोडून दिले. महाराजांचा ठपका त्यांच्या जिव्हारी लागला, आणि २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत, परंपरेनुसार अवघ्या सहा स्वारांनिशी, ते शत्रूवर तुटून पडले व मारले गेले. या शौर्यापुढे कोण नतमस्तक होणार नाही? परंतु सरनोबताचा प्राण हा त्याच्या एकट्याच्या मालकीचा नसतो. निर्नायकी झालेली फौज सावरण्याचे काम सरदार आनंदरावांवर पडले, आणि हंबीरराव मोहित्यांच्या रूपाने नवा सरनोबत नेमावा लागला.

हुकमत म्हणजे एकाची निरंकुश सत्ता, हाही भ्रमच. गडाच्या किल्ल्या हवालदाराच्या स्वाधीन, हजिरी व दप्तर सबनिसाकडे, कोठाराचा जमाखर्च कारखानिसाकडे, आणि हवालदार, सबनीस व गडाचा सरनोबत या तिघांचा दर्जा बरोबरीचा, अशी व्यवस्था बखरकार सभासदाने नोंदविली आहे. एखादा हवालदार फितूर झाला तरी गड त्याच्या एकट्याच्या हातून शत्रूस जाऊ नये, हा त्यातील हेतू.