खत शेतात, नायट्रेट विहिरीत

युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे २१ किलो नत्र असते. त्यातील किती पिकाच्या मुळांना लाभते आणि किती पावसाबरोबर जमिनीखाली जाते, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. मुसळधार पावसाच्या व सच्छिद्र जांभ्याच्या गोव्यात तो मांडणे अगत्याचे आहे.

युरियाचे मातीत प्रथम अमोनियम आणि मग जिवाणूंच्या क्रियेने नायट्रेट बनते. अमोनियमवर धन विद्युतभार असल्याने मातीचे ऋणभारित कण त्याला धरून ठेवतात. नायट्रेट मात्र स्वतःच ऋणभारित. ते पाण्याबरोबर झिरपत भूजलात पोहोचते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम नायट्रेट ही भारतीय मानकाची मर्यादा आहे. त्याहून अधिक नायट्रेट असलेल्या पाण्यात कालवलेले भुकटीचे दूध तान्ह्या मुलाला पाजल्यास त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटू शकते. असे पाणी उकळूनही उपयोग नाही. ते आटते आणि नायट्रेटचे प्रमाण उलट वाढते.

पाणी भरलेल्या खाचराच्या चिखलात प्राणवायूअभावी नायट्रेट फारसे बनत नाही. खरी गळती होते ती भाजीच्या मळ्यांतून, उसातून, केळीच्या बागांतून. उन्हाळी भाजीला दिलेले जादा नत्र मातीत साठून राहते आणि जूनच्या पहिल्या सरींबरोबर खाली उतरते. म्हणून माती परीक्षणाने मात्रा ठरवावी आणि ती एकदम न देता पिकाच्या वाढीनुसार हप्त्यांनी द्यावी. जोरदार पावसाचा अंदाज असेल त्या दिवशी खत टाकूच नये. युरिया स्वस्त आहे, त्यामुळे मूठ सैल सुटते, हेही खरे. सरद भातानंतर अळसांदे घेतल्यास त्याला युरिया जवळजवळ लागत नाही.

भातापुरता कोकणात रुजलेला चारसूत्री लागवडीचा मार्ग आहे. युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी दर चार चुडांच्या मधोमध ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचतात. तेथे नत्र अमोनियमच्या रूपात टिकते आणि मुळांना हळूहळू मिळते. गोळ्या हाताने खोचणे कष्टाचे, मजुरी वाढवणारे आहे. शिवाय पाणी न टिकणाऱ्या हलक्या जमिनीत हा लाभ उणावतो.

शेणखत नैसर्गिक म्हणून निर्धोक, हा समजही तपासावा. कुजताना त्यातूनही नायट्रेटच निघते. विहिरीला लागून असलेला उकिरडा पावसाळ्यापूर्वी हलवणे, हे बिनखर्चाचे काम आहे.