बसलेला सर्व्हर उठवताना

छोट्या कार्यालयातला सर्व्हर म्हणजे बहुतेक ठिकाणी रात्रंदिवस चालू ठेवलेला एक संगणकच असतो. सीएचे ऑफिस, वकिलाची कचेरी, छापखाना, कुठेही पाहिले तरी त्यावर टॅलीचा डेटा, पक्षकारांची कागदपत्रे, सामायिक प्रिंटर आणि कर्मचाऱ्यांची लॉगिन खाती असतात. विंडोज सर्व्हर 2012 आर2 या आवृत्तीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नेहमीचे अपडेट 10 ऑक्टोबर 2023 रोजी बंद झाले आणि अशा जुन्या मशीनवर नवी आवृत्ती चढवण्याची वेळ आली. ती चढवताना मध्येच मशीन बसले, तर नवे विंडोजही नाही आणि जुनेही नाही, अशी अवस्था होते.

कारणे सहसा साधी असतात. सी ड्राइव्हवर जागा कमी असते, जुना अँटिव्हायरस आड येतो, युपीएसची बॅटरी नेमकी तेव्हाच दम सोडते. कधी आवृत्तीची उडी चुकते: 2012 आर2 वरून 2019 थेट चढवता येते, 2022 मात्र थेट चढत नाही. सेटअप अडला तर तो बहुधा स्वतःच मागे फिरून जुनी व्यवस्था परत बसवतो. या माघारीला वेळ लागतो, पडदा बराच काळ काळा राहतो, आणि नेमक्या त्याच वेळी कंटाळून कोणीतरी बटण दाबून मशीन बंद करते. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तोवर हात न लावणे हाच इथला उपाय आहे.

अर्धवट इन्स्टॉलेशनने डेटा क्वचितच जातो. तो जातो नंतरच्या घाईत. ‘फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकू’ हा सल्ला घरच्या संगणकापुरता ठीक असेल. सर्व्हरवर विंडोज आणि डेटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची किंमतही वेगळी आहे. विंडोज पुन्हा टाकता येते. तीन वर्षांच्या व्हाउचर नोंदी पुन्हा कोण टाकणार?

म्हणून पहिले काम दुरुस्तीचे नसून नक्कल काढण्याचे असते. मशीन बंद करून डिस्क बाहेर काढायची, दुसऱ्या संगणकाला जोडायची आणि संपूर्ण डिस्कची प्रतिमा वेगळ्या डिस्कवर उतरवायची. डिस्कच कुरकुरत असेल, तर लिनक्सवरचे डीडीरेस्क्यू हे मोफत साधन कामी येते. ते वाचता येणारा भाग आधी उचलते आणि अडलेल्या जागांकडे नंतर वळते. अशा डिस्कवर चेकडिस्क चालवू नये, कारण ती ‘दुरुस्ती’ करताना डिस्कवर लिहिते. डिस्क जोडताच विंडोज कधीकधी विचारते की ड्राइव्ह वापरण्यापूर्वी फॉरमॅट करायचा आहे, करू का? हा प्रश्न निरुपद्रवी दिसतो आणि फॉरमॅटचे बटणही समोरच असते. दाबायचे ते रद्द करण्याचे.

ते बटण दाबले गेलेच, तरी सगळे संपत नाही. क्विक फॉरमॅटमध्ये पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली जाते, पाने जागच्या जागी राहतात. त्यावर नवे काही लिहिले नसेल, तर डेटा परत मिळवणारे साधन बऱ्याचदा फायली शोधून देते. एसएसडीवर हा भरवसा ठेवता येत नाही. रिकामी ठरलेली जागा ती आपणहून पुसून टाकते.

‘आमच्याकडे रेड आहे’ हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येते. रेड 1 मध्ये दोन डिस्कवर एकच मजकूर लिहिला जातो. एक डिस्क मेली तर दुसरी काम चालवते. पण फसलेले इन्स्टॉलेशनही दोन्ही डिस्कवर तितक्याच इमानाने लिहिले जाते. रेडला बॅकअप समजणे ही छोट्या ऑफिसांतली सर्वांत महागडी समजूत म्हणावी लागेल. सेटअपला डिस्कच दिसत नसेल, तर बहुधा रेड कंट्रोलरचा ड्रायव्हर हवा असतो. तो पेनड्राइव्हवरून द्यावा. त्याऐवजी बायोसमध्ये शिरून रेडचे एएचसीआय केले, तर आधी चालणारे विंडोजही सुरू होण्याचे थांबते.

नक्कल हाती आली की दुरुस्ती निर्धास्तपणे करता येते. सेटअपच्या पेनड्राइव्हवरून रिकव्हरीत जायचे आणि आधी कोणता ड्राइव्ह कोणत्या अक्षराने दिसतो ते पाहायचे. इथे नेहमीचा सी ड्राइव्ह डी म्हणूनही दिसतो आणि आज्ञा भलत्याच ड्राइव्हवर चालते. फक्त बूटच्या फायली बिघडल्या असतील, तर बीसीडीबूट ही एक आज्ञा पुरते. बिघाड कुठे झाला हे पँथर नावाच्या फोल्डरातल्या लॉगमध्ये सापडते. तिथल्या शेवटच्या काही ओळी वाचणे हे दहा वेळा रिस्टार्ट करण्यापेक्षा बरे.

हे जमले नाही, तर बॅकअपच्या प्रतिमेवरून पूर्ण मशीन उभे करायचे, किंवा कोऱ्या डिस्कवर विंडोज टाकून डेटा परत आणायचा. फॉरमॅट न करता जुन्याच पार्टिशनवर विंडोज टाकले, तर जुना पसारा विंडोज.ओल्ड या फोल्डरात जातो. टॅलीचा डेटा पब्लिक फोल्डरात असेल, तर तोही तिथेच सापडतो. कंपन्यांची फोल्डरे निव्वळ आकड्यांच्या नावांची असतात. ती जशीच्या तशी उचलून टॅलीला नवा मार्ग दाखवला की कंपन्यांची यादी पुन्हा दिसते. जुनी फोल्डरे उघडताना ‘परवानगी नाही’ असे उत्तर मिळाले, तर घाबरण्याचे कारण नाही. नव्या विंडोजला जुनी खाती ओळखता येत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. अॅडमिनिस्ट्रेटरने मालकी आपल्याकडे घ्यावी. डिस्कवर बिटलॉकरचे कुलूप असेल, तर मात्र 48 आकडी रिकव्हरी की लागते आणि तिला पर्याय नाही.

खरी मेहनत पडते ती सर्व्हर डोमेन, म्हणजे सगळ्यांची लॉगिन खाती, सांभाळत असेल तर. एकुलता एक डोमेन कंट्रोलर गेला आणि सिस्टिम स्टेटचा बॅकअप नसला, तर त्याच नावाचे नवे डोमेन उभारूनही जुने परत येत नाही. प्रत्येक संगणक नव्याने जोडावा लागतो. छापखान्यांत आणखी एक काम वाढते. युनिकोडपूर्व फाँटमधला मजकूर तो फाँट पुन्हा टाकेपर्यंत निरर्थक इंग्रजी अक्षरांत दिसतो. फाइल बिघडलेली नसते, पण तसे वाटून ती कोणी पुसू नये.

शेवटी प्रत्येक टेबलावरून एक फाइल उघडून, बदलून, जतन करून पाहावी आणि प्रिंटही काढून पाहावी. नवा बॅकअप घेऊन त्यातली एखादी फाइल परत उतरवून तपासावी. काढलेल्या जुन्या डिस्कवर तारीख लिहून ती कपाटात ठेवावी. महिनाअखेरचे हिशेब आणि जीएसटीचे विवरण नव्या सर्व्हरवरून सुरळीत गेल्याशिवाय ती दुसऱ्या कामाला घेऊ नये.