हात पसरा आणि उडा!



परवा आमच्या घरी मुलांच्या व्हीआर चष्म्यातून आम्ही सगळे 'उडून' आलो. अंगठ्याने जॉयस्टिक ढकलत पाच मिनिटे डोंगरदऱ्यांवरून फिरलो आणि पोटात असे काही ढवळले की घाटातली एस.टी. आठवली! मुलांना मात्र काहीच झाले नाही. मग आमच्यातला इंजिनियर जागा झाला.

कारण दडले आहे कानात. कानाच्या आत द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की तो द्रव हलतो आणि मेंदूला खबर जाते. एस.टी.त पुस्तक वाचताना कान म्हणतो 'हलतोय', डोळे म्हणतात 'स्थिर आहोत'. व्हीआरमध्ये नेमके उलटे. दोघांची साक्ष जुळत नाही आणि भोगावे लागते पोटाला.

यावर एक उपाय म्हणजे अंगठ्याऐवजी शरीराने उडणे. डावीकडे झुकलो की दृश्यही डावीकडे वळते, त्यामुळे कानालाही थोडी हालचाल कळते. वेगाची जाणीव मात्र पूर्ण जुळत नाही, हेही खरे.

स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथील ईपीएफएल या संस्थेतल्या संशोधकांनी यावर छान प्रयोग केला. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी आधी लोकांनाच विचारले: हे विमान तुम्ही अंगाने कसे चालवाल? अनेकांनी नकळत धड झुकवले. मग फक्त धडाच्या हालचालीवर ड्रोन उडवून पाहिला, तर जॉयस्टिकपेक्षा अचूक जमला आणि शिकायलाही सोपा गेला! तिथल्याच 'फ्लायजॅकेट'मध्ये पसरलेले हात दुखू नयेत म्हणून आधारही दिला होता. झुरिचच्या कला विद्यापीठातल्या 'बर्डली' यंत्रावर तर पालथे झोपून हातांनी पंख हलवायचे, समोरून पंख्याचा वारा! आणि १९९५ च्या 'ऑस्मोज' या कॅनेडियन कलाकृतीत श्वास घेतला की वर, सोडला की खाली.

थोडक्यात, माणसाला यंत्र शिकवण्यापेक्षा यंत्रालाच माणूस शिकवलेला बरा.

तेव्हा पुढच्या वेळी झुकून उडता येईल असा खेळ निवडा, आधी टीपॉय बाजूला सरकवा, आई-बाबांना खुर्चीत बसवून हळू वेगाने सुरुवात करा आणि मळमळ जाणवताच चष्मा काढा. नेट लावून सहन करू नका!

आम्ही आता झुकून उडतो. पोट शाबूत आहे.