१:४३ मधली रॅली: जुन्या फ्रेंच रेसिंग गाड्यांची मॉडेल्स ओळखायची कशी, घ्यायची कशी?

हॉट व्हील्स माहीत नाही असा वाचक इथे बहुतेक नसेलच. पण कधीतरी रील बघताना एखादी बोटाएवढी निळी गाडी दिसते. दारावर नंबर, पुढे मोठे जादा दिवे, बाजूला दोन नावं. किंमत बघितली की वाटतं, एवढ्याशा गाडीला पाच-सात हजार? ते खेळणं नसतं, स्केल मॉडेल असतं. मी काही वर्षांपासून फक्त फ्रेंच रॅली गाड्यांचीच मॉडेल्स जमवतोय, आणि मित्रांचे प्रश्न ठरलेले असतात: यात एवढं काय आहे, आणि ऑनलाइन घेताना फसायला होत नाही का? दोन्हीची उत्तरं एकदाच लिहून टाकतो.

स्केल म्हणजे नेमकं काय?

१:४३ म्हणजे खऱ्या गाडीचं प्रत्येक माप ४३ ने भागायचं. आल्पीन ए११० ही गाडी साधारण ३ मीटर ८५ सेंटिमीटर लांब. मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडा, ३८५० भागिले ४३ करा, उत्तर येतं साडेएकोणनव्वद मिलिमीटर. मॉडेल जवळपास तेवढंच भरलं पाहिजे. हॉट व्हील्सचं तसं नसतं. तिथे सगळ्या गाड्या एकाच आकाराच्या पाकिटात बसवायच्या असतात, म्हणून ट्रक आणि छोटी कार जवळपास सारख्याच लांबीची निघते.

आता ४३ हा विचित्र आकडा कुठून आला? खेळण्यातल्या रेल्वेतून! ‘ओ गेज’ नावाच्या रेल्वे मॉडेल्समध्ये एका फुटाला ७ मिलिमीटर असं प्रमाण धरत. ३०४.८ भागिले ७ म्हणजे ४३.५. त्या रेल्वेच्या शेजारी उभ्या करायला गाड्या हव्या होत्या. रेल्वे मागे पडली, आकडा राहिला. युरोपातल्या संग्राहकांचं हे आजही सगळ्यात लाडकं माप आहे. १:१८ चं मॉडेल दिसायला भारी, पण लांबीला जवळपास अडीचपट, म्हणजे कपाट दोन महिन्यांत भरलं. घर लहान असेल तर १:४३ च बरं.

फ्रेंच रॅलीच का?

सर्किटवरच्या रेसमध्ये सगळे एकत्र सुटतात. रॅलीत साधे रस्ते बंद करून गाड्या एकेक करून सोडतात, वेळ घड्याळावर मोजतात आणि ड्रायव्हरशेजारी बसलेला सहचालक पुढचं वळण वाचून दाखवत असतो. बर्फ, चिखल, रात्र, सगळं त्यातच. त्यामुळे एकच गाडी प्रत्येक रॅलीला वेगळी दिसते. दिवे बदलतात, टायर बदलतात, नंबर बदलतो. मॉडेल बनवणाऱ्यांना यात खजिना सापडला, कारण एकाच साच्यातून वीस वेगवेगळ्या गाड्या निघतात. आपल्याला मात्र ‘आल्पीन घेतली’ म्हणून भागत नाही. कुठल्या वर्षाची, कुठल्या रॅलीतली, कोणाची, हे सांगावं लागतं.

माझी सगळ्यात आवडती १९७३ च्या मोंटे कार्लोची, १८ नंबरची निळी ए११०. जागतिक रॅली अजिंक्यपद त्याच वर्षी सुरू झालं आणि जानेवारीतली मोंटे कार्लो ही त्याची पहिलीच फेरी. जिंकला ज्याँ-क्लोद आँद्रुए, आणि शेजारच्या सीटवर होती मिशेल पती, रॅलीच्या दुनियेत ‘बिश’ या नावाने ओळखली जाणारी. म्हणजे या अजिंक्यपदाच्या पहिल्याच विजेत्या जोडीत एक बाई होती! मॉडेल हातात घेतलं की मी आधी तिचं नाव शोधतो. स्वस्त मॉडेलवर ती अक्षरं पुसट रेघेसारखी येतात, चांगल्यावर भिंगातून सरळ वाचता येतात. त्या रॅलीत पहिल्या तिन्ही गाड्या आल्पीनच्या होत्या, आणि वर्षाअखेरीस कंपन्यांचं पहिलं अजिंक्यपदही आल्पीनला मिळालं. ज्याँ रेदेलेने उत्तर फ्रान्समधल्या दिएपला उभी केलेली ही छोटी कंपनी. बॉडी फायबरग्लासची, इंजिन मागे. नंबरप्लेटकडेही बघा: जुन्या फ्रेंच प्लेटवर शेवटचे दोन आकडे जिल्ह्याचे असत, आणि दिएपचा आकडा ७६. कारखान्याच्या गाडीचं मॉडेल असेल तर तो ७६ शोधायचाच.

त्याआधीच्याही गमती आहेत. १९५८ ची मोंटे कार्लो रेनॉ डोफिनने जिंकली, बघायला अगदी बाजारात न्यायची गाडी. १९६६ मध्ये पहिले तीन नंबर मिनी कूपरचे आले होते, पण हेडलाइटच्या नियमावरून त्यांना बाद केलं आणि पाउली तोइवोनेनची सिट्रोएन विजेती ठरली. इंग्लंडचे लोक अजून चिडतात म्हणे.

मग येतो ग्रुप बी. रस्त्यावर विकायच्या २०० गाड्या बनवा, बाकी हवं ते करा, असा साधारण नियम. प्यूजोने २०५ टर्बो १६ काढली. बाहेरून घरगुती २०५ सारखी, पण इंजिन सीटच्या मागे आणि ताकद चारही चाकांना. १९८५ च्या मोंटे कार्लोत आरी वातानेनला आठ मिनिटांचा दंड झाला. रॅलीत आठ मिनिटं म्हणजे खेळ खल्लास. तरीही तो ती रॅली जिंकला. १९८५ आणि १९८६ ची दोन्ही अजिंक्यपदं प्यूजोची. पण गाड्या माणसाच्या हाताबाहेर गेल्या होत्या. मे १९८६ मध्ये कोर्सिकाला हेन्री तोइवोनेन आणि त्याचा सहचालक सेर्जिओ क्रेस्तो लान्सियामध्ये गेले. हेन्री म्हणजे त्या १९६६ च्या पाउलीचा मुलगा. वर्ष संपताच ग्रुप बी बंद. माझ्या कपाटात १९६६ ची सिट्रोएन आणि १९८६ ची प्यूजो शेजारी आहेत, ती मांडणी मी मुद्दाम केलीय.

(जाता जाता: प्यूजो आपल्याला अगदी परकी नाही. नव्वदच्या दशकात प्यूजो ३०९ आपल्या कल्याणला बनायची. घरातल्या मोठ्यांना विचारा.)

धातू की रेझिन?

किंमतीचा सगळा खेळ इथे आहे. जुनी सॉलिडो, आजची नोरेव किंवा इक्सो ही बहुतेक धातूची. जस्ताचा ‘झामाक’ नावाचा मिश्रधातू वितळवून पोलादी साच्यात दाबून भरतात. साचा महागडा, म्हणून खर्च भरून यायला हजारो नग काढावे लागतात. साहजिकच प्रसिद्ध गाड्याच बनतात. रेझिनचं उलट. सिलिकॉनचा साचा स्वस्त, पण लवकर झिजतो आणि जोडकाम बरंचसं हाताने होतं. स्पार्कसारख्या कंपन्या त्यामुळे थोडेच नग काढतात, पण सातव्या नंबरला आलेली अनोळखी गाडीसुद्धा मिळते. रेझिनचे दरवाजे सहसा उघडत नाहीत, आणि पडलं की आरसे-वायपर गेलेच समजा.

सुरुवात करायची असेल तर माझं मत स्पष्ट आहे: युरोपात मासिकांसोबत मिळालेली इक्सोच्या साच्यातली धातूची मॉडेल्स सेकंडहँड घ्या. स्पार्कच्या निम्म्याहून कमी पैशांत काम होतं.

एक गोष्ट बघून ‘नकली’ म्हणून ओरडू नका. खऱ्या गाडीवर सिगारेट कंपनीचं नाव असतं आणि मॉडेलवर तिथे कोरी पट्टी. तंबाखूच्या जाहिरातीवर बंदी आहे म्हणून कंपन्या ती नावं गाळतात. संग्राहक वेगळी स्टिकर्स आणून पाण्यात भिजवून लावतात.

मोबाइल कामाला लावा

विक्रेत्याने फोटो पाठवला की आधी गूगल लेन्समधून शोधा. तोच फोटो तीन वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या जाहिरातीत सापडला तर विषय संपला. सापडला नाही तरी ताजा फोटो मागाच: गाडीशेजारी मोजपट्टी आणि चिठ्ठीवर तुमचं नाव लिहून. फोटोच्या आत लपलेली तारीख बघू म्हणाल, तर व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो पाठवताना ती माहिती निघून जाते, त्यामुळे तिचा उपयोग नाही. मोजपट्टी खरीच हवी. फोनमधलं मोजमापाचं अ‍ॅप कॅमेऱ्यावरून अंदाज करतं, त्याला दोन-चार मिलिमीटरचा फरक कळत नाही.

दुसरा फोटो गाडीच्या पोटाचा. तिथे कंपनी, स्केल आणि बहुतेकदा देश कोरलेला असतो. जुन्या धातूच्या मॉडेलवर भेगा किंवा रंगाखाली फोड दिसले तर सोडून द्या. मिश्रधातूत शिसं वगैरे मिसळलं गेलं की ते वर्षानुवर्षं आतून भुगा होत जातं, आणि त्यावर औषध नाही.

फ्रेंच साइटवर शोधताना १:४३ ऐवजी १/४३ असं तिरप्या रेघेने टाका. अनुवाद अ‍ॅप सोबत ठेवा आणि दोन शब्द लक्षात ठेवा: ‘मांक’ म्हणजे काहीतरी गायब आहे, ‘रपँ’ म्हणजे पुन्हा रंगवलंय. दुसऱ्या शब्दाने किंमत बरीच खाली यायला हवी.

पैशांचं सांगतो. माझ्याकडे रेनॉ ५ टर्बोची दोन मॉडेल्स झाली म्हणून एक विकायला काढलं, तर एका ‘ग्राहकाने’ क्यूआर कोड पाठवला. म्हणे स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील. लगेच ब्लॉक केलं. यूपीआयचा पिन पैसे देतानाच लागतो, घेताना कधीच नाही!

परदेशातून मागवणार असाल तर आयात कर फक्त गाडीच्या किंमतीवर नाही, टपालखर्च धरून लागतो. खेळण्यांवरची ड्यूटी २०२० च्या बजेटमध्ये २० वरून ६० टक्के केली होती, आणि दर अधूनमधून बदलतात. म्हणून ऑर्डरआधी कस्टम्सच्या साइटवर त्या दिवशीचा दर बघा. चार जणांनी मिळून मागवलं तर टपालखर्च तरी वाटला जातो.

गाडी घरी आली की उन्हात ठेवू नका, स्टिकर्स पिवळे पडतात. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, नाहीतर खोक्याला बुरशी येते. आणि काही जुन्या मॉडेल्सचे मऊ टायर खालच्या प्लॅस्टिकला चिकटून ते वितळवतात, त्यामुळे चाकं स्टँडला टेकणार नाहीत इतका उंच स्क्रू लावा.